हिमायतनगरात 'हिम' कुठे?

मार्च म्हणजे प्रॅक्टिकल, जर्नल आणि सबमिशनची धावपळ. त्यातच ओळीने तीन दिवस येतात. २१ मार्चला जागतिक हिमनदी दिन, २२ ला जागतिक जल दिन आणि २३ ला जागतिक हवामान दिन. कॉलेजात पोस्टर स्पर्धा होते. बहुतेक पोस्टरांवर वितळणारा बर्फ आणि त्यावर एकटंच बसलेलं पांढरं अस्वल असतं. पण हिमायतनगरात मार्चमध्ये बर्फ शोधायला निघालात, तर तो सापडेल रसवंतीवर! मग हिमनदीशी आपलं नातं काय?

गावाच्या नावात 'हिम' आहे खरं, पण तो बर्फ नव्हे. 'हिमायत' म्हणजे पाठराखण. आणि आपल्या पाण्याला आज तीच हवी आहे.

त्यांची एफडी, आपला रोखीचा व्यवहार

हिमनदी म्हणजे पाण्याची फिक्स्ड डिपॉझिट. थंडीत बर्फ साठतो, उन्हाळ्यात थोडाथोडा वितळतो. गंगोत्रीहून निघालेल्या भागीरथीला भर मे महिन्यातही पाणी असतं, ते त्यामुळे. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी बर्फाच्या रूपात आहे. तापमान वाढतंय, तशी ही ठेव मोडत चालली आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्या संवर्धनाचं वर्ष म्हणून पाळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं आणि तीस्तेच्या लोंढ्यात चुंगथांगचं धरण वाहून गेलं.

आता आपल्या नद्या बघा. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. दोन्हीकडे हिमनदी नाही. जे काही आहे ते पावसाचं. म्हणजे चार महिने कमवायचं आणि बारा महिने पुरवायचं. पावसाळ्यात सहस्रकुंडला जाऊन तुम्ही रील काढता ना? त्याच जागी एकदा मे महिन्यात जा. बराचसा खडकच दिसेल.

आपल्याकडेही ठेव आहे, फक्त ती डोंगरमाथ्यावर नाही, पायाखाली आहे. माती, विहीर, बोअर, गावतळं ही आपली बँक. त्यात भरणा कोण करतं, हा खरा प्रश्न.

एकच मराठवाडा, दोन टोकं

२०१६ चा उन्हाळा आठवतो? तेव्हा आपण शाळेत होतो. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. मग मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या खेपेत १० वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर.

आणि गेला ऑगस्ट? मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरमध्ये तर मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली. एका वर्षी रेल्वेने पाणी आणायचं, दुसऱ्या वर्षी होडीने माणसं काढायची. हवा तापते तशी ती जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधले खंड लांबतात. हिमालयातला बर्फ वितळतोय तो ज्या उष्णतेने, त्याच उष्णतेने आपला पाऊसही बिघडतोय. नातं आहे ते असं.

मिलिमीटरचा हिशेब

एक सोपं गणित. एक चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. नांदेड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी ८०० मिमीच्या आसपास पाऊस होतो. तुमच्या कॉलेजचं छत १००० चौरस मीटर असेल, तर त्यावर ८ लाख लिटर पाणी पडतं. थोडं उडून गेलं, थोडं वाया गेलं असं धरा. तरी जलदूतच्या पहिल्या खेपेपेक्षा जास्तच! ते पाणी पाइपातून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जातं की गेटबाहेरच्या नालीत, हे एकदा छतावर चढून, पाइपाचा माग काढून बघाच.

दुसरं गणित घरच्या शेताचं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. नुकसानीच्या मदतीची चर्चा तिथून सुरू होते. पण यंत्र असतं मंडळात आणि पाऊस पडतो शिवारात. तुमच्या वावरात धो धो आणि यंत्राजवळ भुरभुर, असंही होतं. घरच्या पर्जन्यमापकाची नोंद सरकारी पुरावा ठरत नाही. मात्र चार-पाच गावांतल्या मुलांनी तारीखवार वही ठेवली, तर तलाठ्याशी बोलताना नुसत्या 'लई पाऊस झाला'पेक्षा आकडा जवळ असतो.

स्टेटस ठेवण्याआधी

'ढगफुटी' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. हवामानशास्त्रात तासाभरात १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस एका छोट्या भागात पडला, तरच ती ढगफुटी. त्यामुळे फॉरवर्ड करण्याआधी हवामान विभागाचा इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. फोनमध्ये दोन ॲप हवीतच. 'दामिनी' जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, 'मेघदूत' पिकांसाठी हवामानाचा सल्ला. आईबाबा रानात असतात आणि फोन तुमच्या हातात असतो. म्हणून इशारा आला की ताबडतोब घरी फोन लावायचा आणि सांगायचं, झाडाखाली थांबू नका.

आणि एक काम परीक्षा संपल्यावर. दोरीला दगड बांधा, मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि घरच्या विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजा. एकदा आत्ता, एकदा मेअखेर, एकदा दिवाळीच्या सुमारास. तीन आकडे वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बँकेत शिल्लक किती, हे पासबुक भरल्याशिवाय कळत नाही.