संगणकावरील खोटा इशारा

अहिल्यानगर जिल्ह्यात शाळेची व ग्रामपंचायतीची कामे आता घरच्या संगणकावरही होतात. त्याच्या पडद्यावर ‘व्हायरस आढळला, त्वरित या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा इशारा वारंवार झळकू लागल्यास तो फसवणुकीचा सापळा समजावा. एखाद्या संकेतस्थळावर नकळत ‘अलाऊ’ दाबल्यानेही असे इशारे सुरू होतात. त्या क्रमांकावर संपर्क साधू नये. ब्राउझरच्या सेटिंगमधून नोटिफिकेशनची परवानगी रद्द करावी व अनोळखी एक्स्टेंशन काढून टाकावे. तरीही इशारे न थांबल्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या विनामूल्य साधनांनी संगणक तपासावा. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.