८०५१ पासून ए४९८८ पर्यंत

मलकापुरात वि. भि. कोलते यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे पावलापावलानं फिरणारी स्टेपर मोटार गावाला नवी नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशी मोटार फिरवायची म्हणजे ८०५१ मायक्रोकंट्रोलर, मध्ये यूएलएन २००३ ही ड्रायव्हर चिप आणि बाकी सगळं आपल्या अंगावर. कॉइलना कोणत्या क्रमानं करंट द्यायचा तो असेंब्लीत लिहावा लागे: ०९, ०सी, ०६, ०३. दोन पावलांमधला डिले कमी पडला की मोटार जागच्या जागी थरथरायची. काम किचकट होतं, पण रोटर कशाच्या ओढीनं पुढे सरकतो हे त्यातूनच डोक्यात पक्कं बसलं.

मोटारी मिळायच्या त्या भंगारातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून आणि फ्लॉपी ड्राइव्हमधून. नुसत्या वायरी, माहिती शून्य. मग दोन वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट बोटांनी फिरवायचा. जड गेला तर त्या एकाच कॉइलच्या. ही युक्ती आजही लागते, कारण वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात.

२००५ साली इटलीत अर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जन्मला, पुढे तो इकडेही रुळला. पाठोपाठ ५ व्होल्टची स्वस्त २८बीवायजे-४८ मोटार आली, मग नेमा १७ मोटार आणि ए४९८८ ड्रायव्हर. खरा पालट इथे झाला. कॉइलचा क्रम ड्रायव्हरनं सांभाळायचा. मायक्रोकंट्रोलरकडे उरल्या स्टेप आणि डायरेक्शन या दोन पिना. १.८ अंशाच्या मोटारीची फेरी २०० पावलांची. प्रत्येक पावलाचे सोळा भाग केले की ३,२००.

सोय झाली, पण करंटकडे लक्ष देण्याची सवय सुटली, आणि हे मला मनापासून खटकतं. करंटची मर्यादा ठरवणाऱ्या ड्रायव्हरवरच्या इवल्या स्क्रूला हात न लावताच मोटार जोडली जाते. बोर्डावरचे सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ, म्हणजे त्या स्क्रूनं ठरणारं रेफरन्स व्होल्टेज, ०.८ व्होल्ट लागतं. तेच रेझिस्टर ०.०५ चे निघाले तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर सुटतात. आमच्याकडच्या मे महिन्यात नुसत्या हीटसिंकवर भागत नाही, छोटा पंखा हवाच. मोटारीच्या सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, आणि पॉवर चालू असताना मोटारीची वायर काढायची नाही. ड्रायव्हर तिथेच जातो.

भारनियमनानं आणखी एक धडा दिला. या मोटारीला आपण कुठे आहोत ते कळत नाही. कंट्रोलर फक्त पावलं मोजतो, आणि वीज गेली की तो हिशेबही जातो. म्हणून यंत्र लहान असो की मोठं, लिमिट स्विच आधी बसवायचा आणि वीज आल्यावर पहिलं काम होमिंगचं, म्हणजे स्विच लागेपर्यंत मोटार नेऊन मोजणी शून्यापासून सुरू करण्याचं.