उकळलं तरी बाधतं, भाजलं की चालतं

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. सकाळी इथल्या सोसायट्यांमध्ये दारोदार दुधाच्या पिशव्या अडकवलेल्या दिसतात. चहा दुधाचा, चहासोबतच्या बिस्किटात दूध, प्रसादाचा पेढा तर दुधाचाच. अशा घरात तान्ह्या बाळाला वरचं दूध सुरू करावं आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच्या अंगावर गांध्या उठाव्यात, ओठ सुजावेत, भडाभडा उलटी व्हावी, तर घरच्यांचा विश्वासच बसत नाही. दुधाने कुणाला काय होणार?

होतं ते दुधातल्या प्रथिनांमुळे. पुष्कळ जण दोष लॅक्टोजला देतात, पण ती दुधातली साखर. ती न पचणं हा वेगळा त्रास, त्यामुळे लॅक्टोज काढलेलं दूध ॲलर्जीत उपयोगाचं नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसिन, बाकीची व्हे गटातली. त्या गटातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन माणसाच्या दुधात तयारच होत नाही. बाळाच्या रोगप्रतिकारशक्तीला ते परकं वाटतं आणि कधीकधी ती त्याला शत्रू समजून बसते. काहींना त्रास लगेच होतो, तर काहींना काही तासांनी किंवा दिवसांनी: शीतून रक्ताचे धागे, जुलाब, वजन न वाढणं.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळालाही हा त्रास होऊ शकतो. आईने घेतलेल्या दुधातलं प्रथिन तिच्या आतड्यातून रक्तात आणि तिथून तिच्या दुधात उतरतं, तेही एका मिलिलिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम इतकंच. एवढासा अंशही काही बाळांना पुरतो. तरी अंगावर पाजणं थांबवायचं नसतं. डॉक्टर आईच्याच जेवणातून दूध, दही, पनीर, खवा काढतात आणि तिला कॅल्शियमच्या गोळ्या देतात.

मग घरातून सल्ले येतात. म्हशीचं द्या, शेळीचं पचायला हलकं. पण गाय, म्हैस आणि शेळी यांची दुधातली प्रथिनं इतकी सारखी, की शरीराला त्यांत फरकच कळत नाही. दुसरा सल्ला, चांगलं उकळून द्या. इथे खरी गंमत आहे. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन म्हणजे घट्ट गुंडाळलेला लोकरीचा गुंडा. तापवलं की तो सुटतो, आकार बिघडतो आणि शरीराला त्याची ओळख पटेनाशी होते. केसिन मात्र मुळातच सुटा धागा. उकळून त्याचं काय बिघडणार? म्हणून तीनदा ऊतू गेलेलं दूधही बाधतं.

पण तेच दूध मैद्यात मिसळून ओव्हनमध्ये 180 अंशांवर अर्धा तास भाजलं, तर चित्र पालटतं. दीर्घ उष्णता आणि गव्हाच्या प्रथिनांचं जाळं यांत दुधाची प्रथिनं अशी अडकतात, की शरीराच्या हाती फारशी लागत नाहीत. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईमधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुधाची ॲलर्जी असलेल्या 100 मुलांना दूध घातलेले मफिन आणि वॉफल खायला दिले. त्यांतल्या 68 मुलांना ते पचले, पण साधं दूध पचलं नाही. 9 जणांना दोन्ही पचलं, 23 जणांना भाजलेलंही बाधलं. पुढे यातूनच दुधाची शिडी रूढ झाली: आधी बिस्किट, मग केक, मग चीज, दही, शेवटी दूध. लगेच गांध्या उठणाऱ्या किंवा धाप लागणाऱ्या मुलाला मात्र ही शिडी घरच्या घरी चढवायची नाही. पहिला घास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तोवर दुधाविना भागवायचं कसं? वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध मिळत नसेल, तर डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर लिहून देतात. बदामाचं किंवा नारळाचं दूध तिची जागा घेऊ शकत नाही. सहा महिन्यांनंतर आपलं स्वयंपाकघर मदतीला येतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पाण्यात शिजवलेलं नाचणीसत्त्व, तिळाची पूड, वरण-भात, खाणाऱ्या घरात मासे. साजूक तूप बहुतांशी स्निग्धच, तरी त्यात प्रथिनाचा अंश राहतो. ॲलर्जी तीव्र असेल तर वरणावर तेल. बाजारच्या पुड्यावर घटकांची यादी वाचायची: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट ही सगळी दुधाचीच रूपं.

एक गोष्ट मात्र घरोघरी राहून जाते. उशिरा त्रास होणाऱ्या बाळाचं दूध दोन ते चार आठवडे बंद केलं, बाळ सुधारलं, की निदान झालं असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच निदान. ठरल्या वेळी दूध पुन्हा देऊन त्रास परततो का हे पाहिल्याशिवाय ॲलर्जी सिद्ध होत नाही, कारण तान्ह्या बाळांची बरीच दुखणी वयानुसार आपसूक थांबतात. आणि खरोखर ॲलर्जी असली, तरी बहुतेक मुलांचं शरीर काही वर्षांत दुधाशी जुळवून घेतं. म्हणून डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं, की त्याच भेटीत विचारून घ्यावं: पुन्हा कधी देऊन पाहायचं?