पेतायावेसीचं लाकडी चर्च

बहिणीची लेक फिनलंडला असते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं पेतायावेसीचं जुनं ल्यूथरन चर्च दाखवलं. तळ्याकाठी, अख्खं लाकडाचं! आत शिरले नि कोकणातलं आमच्या गावचं देऊळ आठवलं. त्याचाही सभामंडप लाकडी होता. जीर्णोद्धारात गेला, आता फरशी नि स्लॅब.

हे चर्च याक्को लेप्पानेन या सुतारानं १७६३ ते १७६५ मध्ये बांधलं. ओंडक्यात ओंडका अडकवून भिंती रचल्या, वर घुमटही लाकडाचाच. माणसं उन्हाळ्यात होड्यांतून यायची, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून. १८२१ मध्ये नातू एर्की यानं घंटेचा मनोरा जोडला.

१८७९ मध्ये नवं चर्च झालं नि हे ओस पडलं. डागडुजी कोण करणार? पण पाडलंही नाही कुणी. का, तर घंटा इथल्याच मनोऱ्यात आणि गावची दफनभूमीही इथंच! आपल्या माणसांपाशी येणं सुटतं का कधी? १९२०च्या दशकात दुरुस्ती झाली, १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं.

“मावशी, हात लावून बघ ना,” भाची म्हणाली. भिंत गार, खडबडीत.

आमच्या सभामंडपाचे खांब कुठं गेले, हे गावात कुणालाच सांगता येत नाही.