फिलिपिनो युवकांच्या वाचिक काव्यातील नीतिमूल्ये : एक भाषिक विचार

फिलिपाइन्समध्ये काव्य हा मुख्यतः श्रवणाचा विषय राहिला आहे. मृताच्या घरी जागरणप्रसंगी चालणाऱ्या ‘दुप्लो’ या पद्यमय वादाच्या परंपरेतून ‘बालाग्तासान’ हा प्रकार सिद्ध झाला. त्याचा पहिला सामना ६ एप्रिल १९२४ रोजी मनिला येथे होसे कोरासोन दे हेसुस व फ्लोरेंतिनो कोल्यांतेस या कवींमध्ये झाला. आजचे युवक मात्र छंदोबद्ध वादाऐवजी मुक्त आत्मनिवेदन करतात. हुआन मिगेल सेवेरो यांचे काव्यवाचन २०१५ साली दूरचित्रवाणी मालिकेतून घरोघरी पोहोचले. त्यानंतर हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला.

या काव्यातील नीतिविचार उपदेशवचनांत शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही. तो शब्दयोजनेत वसतो. तागालोग भाषेतील ‘लोओब’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आतील भाग’ असा आहे. त्यावरून धैर्यास ‘अंतरंगाचे बळ’, तर उपकाराच्या जाणिवेस ‘उतांग ना लोओब’, म्हणजे ‘अंतरंगाचे ऋण’ म्हणतात. आपल्याकडील पितृऋण संततीच्या द्वारे फिटते असे धर्मशास्त्र सांगते. या ऋणाला तशी निश्चित फेड नाही. म्हणूनच पोटासाठी परदेशी राबणाऱ्या आईचे मूल जेव्हा व्यासपीठावरून या ऋणाविषयी बोलते, तेव्हा कृतज्ञता आणि स्वतःचे आयुष्य स्वतः निवडण्याचा हक्क यांत खरा पेच उभा राहतो. आईचा त्याग नाकारता येत नाही आणि त्याची किंमतही ठरविता येत नाही.

या पेचात श्रोत्याचे स्थान सर्वनामावरून ठरते. तागालोगमध्ये श्रोत्यास वगळणारे ‘कामी’ व त्यास सामावून घेणारे ‘तायो’ अशी दोन भिन्न रूपे आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद जाणणाऱ्या मराठी अभ्यासकास हे सहज उमगेल. ‘कामी’ म्हणणारा कवी आपल्या पिढीची व्यथा श्रोत्यापुढे मांडतो. ‘तायो’ म्हणताच श्रोताही त्या व्यथेचा वाटेकरी आणि तिच्याबद्दल उत्तरदायी ठरतो. विर्हिलिओ एन्रिकेस यांनी फिलिपिनो मानसशास्त्राचा गाभा मानलेली ‘कापवा’ ही कल्पना, म्हणजे दुसऱ्यातही आपलेच स्वत्व पाहण्याची वृत्ती, येथे व्याकरणाच्या रूपाने प्रकट होते.

सारांश, अशा काव्याचे भाषांतर करताना ‘तायो’च्या जागी ‘आम्ही’ योजल्यास केवळ एक सर्वनाम बदलत नाही. श्रोत्यावर टाकलेली नैतिक जबाबदारीच नाहीशी होते.