विश्लेषण : ‘हरेल तो टेबल भरेल’ – पूल पार्लरमधला डाव मोबाइलवर गेला, मग खेळाडूंचे काय झाले?

पूल पार्लरमधला पहिला नियम कोणालाही शिकवावा लागत नाही. भिंतीवरच्या पाटीवर तासाचा दर असतो, ‘धूम्रपान करू नये’ असते, पण ‘हरेल तो टेबल भरेल’ हे कुठेच लिहिलेले नसते. तरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरापासून मोंढ्यातल्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे तो नियम पाळतात. याच नियमावर जिल्ह्याच्या ठिकाणचे पार्लर चालले, यावरूनच ते बदनाम झाले आणि त्याच्याच आडोशाने काही चांगले खेळाडूही घडले. आज हा धंदा आटत चालला आहे. त्याचे खापर सरसकट मोबाइलवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी फूटपट्टी, कायदा आणि थोडा इतिहास लागतो.

‘पूल’ या शब्दातच पैज आहे का?

आहे. ‘पूल’ हा शब्द फ्रेंच ‘पूल’वरून आला असे मानले जाते. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ कोंबडी, आणि पत्त्यांच्या खेळात सगळ्यांनी मिळून जमा केलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पूल रूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याची खोली. दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून मालकांनी तिथे बिलियर्ड्सचे टेबल टाकले. पुढे शर्यतींची पैज त्या खोल्यांतून गेली, टेबल राहिले आणि नाव टेबलाला चिकटले. म्हणजे बदनामी आधीची आणि खेळ नंतरचा. अमेरिकेतले संघटक पुढे कितीतरी वर्षे ‘पॉकेट बिलियर्ड्स’ हे सोवळे नाव रुजवायचा प्रयत्न करत राहिले. लोक पूलच म्हणत राहिले.

मराठवाड्याशी याचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जवळचा. हा खेळ भारतात आला तो लष्करी छावण्यांतून. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतला मानला जातो. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने पावसाळ्यातल्या रिकाम्या वेळात, पैजेवर खेळल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक पूल’मध्ये आणखी रंगीत चेंडू टाकले. कच्च्या, नवख्या कॅडेटला लष्करात ‘स्नूकर’ म्हणत, तेच नाव खेळाला पडले. नियम पुढे उटीच्या क्लबमध्ये पक्के झाले. म्हणजे आज टीव्हीवर बो-टाय लावून खेळला जाणारा हा सभ्य खेळही पैजेच्या टेबलावरच जन्मला.

जालन्यातही १८२७ मध्ये छावणी वसली आणि हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे १९०३ पर्यंत होती. पण छावणीतले टेबल साहेबांचे, नंतर जिमखान्यांचे. सर्वसामान्यांच्या हातात काठी यायला बराच काळ गेला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेता ठरलेले ते पहिले भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी तीन वेळा तोच किताब मिळवला. एवढे होऊनही खेळ क्लबच्या सभासदत्वाच्या दाराआडच राहिला. ते दार नव्वदच्या दशकात लहान आकाराच्या पूल टेबलांनी उघडले. सभासदत्व नको, पांढरे कपडे नकोत. तासाचे पैसे टाका आणि खेळा.

पार्लरमध्ये पैसा नेमका कसा फिरायचा?

सर्वात खालची पायरी म्हणजे टेबल भरण्याची पैज. तिला कोणी जुगार म्हणत नाही. चहाचे बिल कोण देणार, तसाच तो प्रकार. त्यावरची पायरी फ्रेममागे ठरलेल्या रकमेची. तिसरी पायरी बघ्यांची. खेळणारे दोघे, पैसे लावणारे आठ. खोलीचा रंग बदलतो तो इथे. कारण आता चेंडू पॉकेटमध्ये जातो की नाही यात अशा लोकांचा पैसा गुंतलेला असतो, ज्यांच्या हातात काठीच नाही.

दोन खेळाडूंत तफावत असेल तर सरस खेळाडू ‘पॉइंट देतो’. स्नूकरमध्ये वीस-तीस गुणांची आघाडी समोरच्याला आधीच द्यायची आणि मग खेळायचे. किती पॉइंट द्यायचे यावरची घासाघीस कधी कधी खेळापेक्षा लांबते. आपला खेळ ओळखणे, समोरच्याचा जोखणे आणि दोन्हींबद्दल खोटे बोलणे, अशी तिहेरी परीक्षा असते ती.

इंग्रजी सिनेमात दिसतो तसा, मुद्दाम वाईट खेळून सावज गाठणारा भामटा मात्र आपल्या छोट्या शहरात फार काळ टिकू शकत नाही. जालन्यात कोण कसा खेळतो हे महिनाभरात कळते. कोणाचा कोण हेही कळते. मोठ्या शहरात अनोळखी माणसांचा ओघ कायम असतो. इथे तो वर्षातून एकदाच, कॉलेजचे प्रवेश झाले की यायचा. नव्या पोरांची एक तुकडी शिकायची, काही महिने टेबल भरायची, त्यातली दोन-चार पोरे चांगली निघायची, बाकीची पांगायची. मला वाटते, छोट्या शहरातल्या पार्लरचे सगळे अर्थकारण या जून-जुलैच्या भरतीवर उभे होते. आता बारावीनंतर ज्याला शक्य आहे तो पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो, आणि जो राहतो त्याच्या खिशात आधीच एक टेबल असते.

या खोल्यांची आठवण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. उधारीच्या वह्या होत्या, वडिलांच्या दुकानातल्या गल्ल्यातून उचललेले पैसे होते, वसुलीवरून मारामाऱ्या होत्या. निम्म्या गावाला, म्हणजे मुलींना, तिथे प्रवेश नव्हता. पाटी लावून नव्हे, नजरेने. पण गंभीर खेळाडू आणि जुगारी यांचे नाते एकमेकांवर अवलंबून होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. संध्याकाळची पैजेची गर्दी भाडे काढून द्यायची, म्हणून दुपारचे रिकामे टेबल मालक एखाद्या होतकरू पोराला फुकट किंवा निम्म्या दरात सरावाला सोडायचा. त्या पोराचा खेळ सुधारला की संध्याकाळी गर्दी वाढायची.

हा जुगार होता की कौशल्य? कायदा काय म्हणतो?

पोलीस कारवाईच्या बातमीत ‘महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ व ५ अन्वये’ किंवा ‘१२ (अ)’ हे शब्द आपण नेहमी वाचतो. कायदा मूळ १८८७ चा. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम ५ अड्ड्यावर सापडलेल्यासाठी, तर १२ (अ) उघड्यावरच्या जुगारासाठी. याच कायद्यात कलम १३ आहे, ते बातमीत कधी येत नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे ते सांगते.

पूल आणि स्नूकर कौशल्याचे खेळ आहेत यावर वाद होण्यासारखे काही नाही. पण खेळ कौशल्याचा असणे आणि जागा निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जुन्या राज्यातला आहे. १९६३ मध्ये सिकंदराबादच्या क्रिसेंट रिक्रिएशन क्लबवर छापा पडला. लोक पैसे लावून रमी खेळत होते. गुन्हा हैदराबाद जुगार कायद्याखाली दाखल झाला. निजामाच्या राज्यातला, फसली १३०५ सालचा हा कायदा. जालनाही त्याच राज्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे मुंबईचा कायदा लागू झाला.

ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. के. सत्यनारायण खटल्यात १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे यात कौशल्य आहे. आरोपी सुटले. मात्र पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले.

हा निकष पार्लरला लावून पाहा. टेबलचे भाडे कोणीही भरले तरी मालकाला तेवढेच मिळते. पण मालकाने पैजेतला हिस्सा घेतला, किंवा पैज लागते म्हणून जास्त दर लावला, की गाडी कलम ४ च्या दिशेने निघाली. प्रत्यक्षात छापा पडला की हा बारकावा न्यायालयात उलगडतो, आणि तोवर पार्लरचे नाव पेपरात येऊन गेलेले असते.

शिवाय परवान्याचा प्रश्न वेगळाच. १९५१ च्या पोलीस कायद्यात ‘सार्वजनिक करमणुकीच्या जागे’ची व्याख्या आहे. शर्यतीचे मैदान, सर्कस, नाट्यगृह, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव यांच्या जोडीला बिलियर्ड्सची खोलीही तिथे आहे. बॅगाटेलची खोलीसुद्धा आहे; बॅगाटेल कसा खेळतात हे आज परवाना देणाऱ्यालाही सांगता येईल का, शंकाच आहे.

टेबल परवडत का नाही?

आता फूटपट्टी. स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल १२ बाय ६ फुटांचे. काठी जवळपास पाच फुटांची. चारही बाजूंनी काठी मागे ओढता यायला हवी, म्हणून एका टेबलला साधारण २२ बाय १६ फूट जागा लागते. म्हणजे ३५२ चौरस फूट, एका लहान वन-बीएचकेएवढी, आणि तिथे एका वेळी खेळणार दोघे किंवा फार तर चौघे. सात फुटी पूल टेबलचे काम १६ बाय १३ फुटांत भागते.

समजा, गाळ्याचे भाडे चौरस फुटाला महिना ३० रुपये आहे. स्नूकरच्या एका टेबलखालच्या जमिनीचे झाले १०,५६० रुपये. तासाचा दर १२० रुपये धरला, तर फक्त भाडे निघायला ते टेबल महिन्यात ८८ तास, म्हणजे रोज जवळपास तीन तास भरलेले हवे. वीज, कामाचा मुलगा, लोकरी कापड आणि काठ्यांच्या टोकांचा खर्च वेगळा. त्याच जागेत प्लेस्टेशनचे पाच-सहा संच मांडले तर दहा-बारा पोरे एकाच वेळी पैसे भरत बसतात. स्क्रीनला काठी मागे ओढायला जागा लागत नाही.

वजनाचाही प्रश्न आहे. टेबलच्या हिरव्या कापडाखाली लाकूड नसते, पाटीच्या दगडाच्या पाच जाड लाद्या असतात. पूर्ण टेबल टनाच्या वर जाते. जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असे चार टेबल ठेवायचे म्हटले तर स्लॅब बघावा लागतो. सिव्हिलच्या मित्राला एकदा विचारून पाहा, तो आधी हसेल आणि मग नकाशा मागेल. म्हणून धंदा मंदावला की पहिला निघतो तो मोठा टेबल. पूल काही काळ तग धरतो, स्नूकर जातो.

मोबाइलने काय बदलले?

मिनीक्लिपचा ‘८ बॉल पूल’ हा गेम २०१० मधला, पण आपल्याकडे तो हातोहाती पोहोचला सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केल्यानंतर. त्यात चेंडू कुठे जाणार हे दाखवणारी रेघ असते. प्रत्यक्ष टेबलवर तोच कोन डोळ्याने पकडायला वर्ष जाते. २०२० च्या टाळेबंदीत पार्लर महिनोन् महिने बंद राहिले, भाडे मात्र चालू राहिले. त्याच काळात रोख बक्षिसांची रमी, फँटसी क्रिकेट आणि पूलसुद्धा अॅपवर जोरात होते.

पैज संपली नाही, फक्त तिची जागा बदलली. पार्लरमध्ये हरणाऱ्याला दहा माणसे बघत असत. उधारी बुडू नये म्हणून का होईना, मालक कधीतरी ‘आज बस’ म्हणायचा. रात्री शटर पडायचे. फोनला शटर नाही. रात्री दोन वाजता पांघरुणात हरलेले पैसे घरात कोणाला कळतात ते हप्ता थकल्यावर. कापूस-सोयाबीनच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवण्यास त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बड्या कंपन्यांनी लगेच पैशांचे खेळ थांबवले आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. म्हणजे सिकंदराबादच्या त्या रमीला वाचवणारा ‘कौशल्या’चा युक्तिवाद टेबलवर शाबूत आहे, स्क्रीनवर नाही. (या कायद्याच्या महिनाभर आधीच विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याच्या चित्रफितीवरून तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे वादात सापडले. त्यांनी आरोप फेटाळला. नंतर त्यांचे खाते बदलले. नवे खाते होते क्रीडा.)

मग गंभीर खेळाडूंचे काय?

पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी यांचे जागतिक किताब आता २८ झाले आहेत. पण ते घडले बंगळूरुत, प्रशिक्षक आणि चांगल्या टेबलांच्या सान्निध्यात. महाराष्ट्रातल्या प्रमुख स्पर्धा बहुतेक मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत होतात. आशियाई स्पर्धांत हा खेळ १९९८ ते २०१० या काळात होता, भारताने त्यात सुवर्णपदकेही मिळवली. २०१४ पासून तो वगळला गेला. पदकाची वाट बंद झाली की घरी सांगायला कारण उरत नाही. जालन्यातल्या पालकांच्या लेखी मैदानाचा उपयोग स्पष्ट आहे : पोलीस भरतीचे १६०० मीटर. तिथे काठी घेऊन वाकून उभ्या राहणाऱ्या पोराची बाजू कोण घेणार?

जो पोरगा तरीही खेळतो, त्याच्यापुढे प्रश्न सोपा आणि कठीण आहे. सात फुटी टेबलवर स्नूकर शिकता येत नाही. पॉकेटची तोंडे वेगळी, चेंडू वेगळे, अंतर जवळपास दुप्पट. मोठे टेबल गावातून गेले की दर रविवारी बस पकडून दुसऱ्या शहरात जायचे, तासाचे पैसे भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. आठवड्याला तीन तासांच्या सरावात हात जेमतेम बसतो.

आणि गेलेले टेबल सहसा परत येत नाही. ते काढायचे तर आधी कापड उचकटावे लागते, मग कुशन, मग एकेक लादी. प्रत्येकीला चार-सहा माणसे. नव्या जागी त्या पुन्हा केसाच्या फरकाने समपातळीत बसवणारा कारीगर मोठ्या शहरातून बोलवावा लागतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत लाद्या गोदामात भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्यातल्या एकीचा कोपरा उडाला, की पाचही लाद्यांचा भाव निम्म्यावर येतो.