ठासणीच्या बंदुकीला गोळी कोणती?

हैदराबादेत आबिड्सजवळ गनफाउंड्री नावाचा भाग आहे. निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सेनानीनं 1795 मध्ये तिथे तोफा आणि तोफगोळे ओतायचा कारखाना काढला. जुनी माणसं त्याला ‘तोप का सांचा’ म्हणतात. माझी सगळी नोकरी धातू वितळवण्यात, ओतण्यात आणि ओतलेला का तडकला हे शोधण्यात गेली. त्यामुळे शिशाच्या गोळीबद्दल कोणी विचारलं की मी घड्याळ बघत नाही. यंदा विचारलं ते पुतण्यानं. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हानियात असतो. तिथे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो आणि त्यात तोंडाकडून ठासायची, चकमकीवर उडणारी बंदूकच चालते. कचेरीतल्या मित्रांबरोबर हाही जाऊ लागला आहे, आणि पुढे टेक्सासला रानडुकरांवर जायचा बेत आहे. “काका, दुकानात भिंतभर गोळ्या लावल्यात. घेऊ कोणती?”

त्याला फोनवर सांगितलं ते इथे नीट मांडून सांगतो. कारण ठासणीची बंदूक आपल्याकडेही इतिहासजमा झालेली नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे असे शेतीसंरक्षणाचे परवाने घरोघरच्या कागदपत्रांत सापडतात. आमच्या देगलूरकडच्या आजोबांकडेही होता. आमचं गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात, आणि ज्वारी हुरड्यात आली की आजोबा माळ्यावर निजायचे. बंदूक बहुतेक वेळा हवेतच उडायची. आवाजानं डुकरं पळायची, आणि तेवढं पुरायचं.

आता कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. चितळ तर तेलंगणाचा राज्यप्राणी. वनस्थलीपुरमचं महावीर हरीण वनस्थली उद्यान पूर्वी निजामाचं शिकारीचं रान होतं. आज तिथले काळवीट लोक मुलांना दाखवायला नेतात, आणि हेच योग्य आहे. रानडुकराचं थोडं वेगळं. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण ती लेखी आणि अटींसह. हातात परवान्याची बंदूक आहे म्हणून डुकरावर झाडता येत नाही. हे दोन वेगवेगळे कागद आहेत, आणि गावाकडे याच बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: जिथे मारायची परवानगी आहे तिथे गोळी निवडायची ती जनावर किती लवकर मरेल, या एका हिशोबानं. लांब जाते, वेगानं जाते, डब्यावर झकास चित्र आहे, या गोष्टी नंतरच्या.

सुरुवात नळीपासून करायची. पुतण्याला मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: नळीला आतून पीळ आहे का, आणि असला तर किती? आजोबांची नळी आतून सपाट होती. अशा नळीतून गोल गोळी किंवा छर्रे एवढंच धड जातं, आणि गोल गोळीचाही भरवसा चाळीस-पन्नास मीटरपर्यंत. पीळदार नळीत गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. पण पिळाचेही प्रकार असतात. नळीत 60 ते 66 इंचांत एक फेरा पुरा होत असेल तर तो सावकाश पीळ, गोल गोळीसाठी. 28 इंचांत फेरा पुरा होत असेल तर लांबट गोळीसाठी, कारण लांबट वस्तू स्थिर राहायला जास्त फिरकी लागते. 48 इंचांचा पीळ म्हणजे दोघांची समजूत काढलेली. त्यात दोन्ही बऱ्यापैकी चालतात. जलद पिळात गोल गोळीमागे दारू जास्त भरली की ठासताना तिच्याभोवती गुंडाळलेली चिंधी पीळ सोडते आणि नेम कुठल्या कुठे जातो. लोक गोळीला दोष देतात. खरं तर गोळी आणि नळी यांचं लग्नच चुकीचं लागलेलं असतं.

पुतण्याची नळी सावकाश पिळाची, अर्ध्या इंचाच्या तोंडाची निघाली. म्हणजे निम्मी भिंत आपोआप बाद झाली.

आता धातू. ठासणीची गोळी मऊ, शुद्ध शिशाची हवी. शिसं 327 अंशांना वितळतं, चुलीवरही वितळतं, म्हणून खेडोपाडी लोक हाताला येईल ते शिसं साच्यात ओततात. पण गाडीच्या चाकाला समतोलासाठी लावतात त्या वजनात अँटिमनी मिसळलेलं असतं. त्याचा कठीणपणा शुद्ध शिशाच्या दुपटीच्या आसपास जातो. अशी गोळी पिळात नीट बसत नाही आणि अंगात शिरल्यावर पसरत नाही. सुईसारखी आरपार जाते. मऊ शिसं आत गेल्यावर चपटं होतं, रुंद वाट करतं आणि तरीही बहुतेक एकसंध राहतं. शुद्ध शिशावर नखानं ओरखडा उठतो. प्रयोगशाळेत आमच्याकडे कठीणपणा मोजायची यंत्रं होती, पण मीही आधी नखच लावून बघायचो.

वजनाचं गणित तर फारच सुंदर आहे. गोल गोळीचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं. अर्ध्या इंची नळीची गोळी सुमारे साडेअकरा ग्रॅमची. बारा बोअरची गोळी व्यासानं जेमतेम दीडपट, पण वजनानं सव्वातीनपट. बारा बोअर हा आकडाच मुळी तिथून आला: एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या बारा गोळ्या बसल्या तर ती बारा बोअर, म्हणजे गोळी सुमारे 38 ग्रॅमची. वीस बोअरची तेवीस ग्रॅमची. म्हणून जुने शिकारी मोठ्या जनावरासाठी दारू वाढवत नसत, नळी रुंद घेत. काळ्या दारूच्या बंदुकीत वेगाला मर्यादा असते, वजनाला कमी.

आणि वेग टिकतही नाही. गोल गोळी नळीतून सेकंदाला 550 मीटरनं निघाली, तरी शंभर मीटरच्या आत तिचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वेग हवेत जिरतो. जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे मार एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. पन्नास मीटरवर जी गोळी हरणाच्या फुप्फुसातून पलीकडे जाते, तीच शंभरावर फासळीत अडकून जनावराला मैलभर पळवू शकते. पुतण्याला मी सांगितलं, पन्नास पावलं हा तुझा नियम. त्यापुढचं हरीण कितीही देखणं असलं तरी ते तुझं नाही.

लांबट गोळीची कथा हैदराबादेपर्यंत येते. 1840 च्या दशकाच्या अखेरीस मिनिए या फ्रेंच कप्तानानं बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ती नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे सहज आत सरकते. दारू पेटली की बूड फुगतं आणि पीळ पकडतं. याच कुळातली एन्फिल्ड रायफल कंपनी सरकारनं हिंदुस्थानात आणली. तिची गोळी सुमारे 34 ग्रॅमची. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, म्हणून गोळी घट्ट न अडकता उतरावी यासाठी तिला वंगण लागायचंच. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे या बोलवेवर 1857 उसळलं. 17 जुलै 1857 ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या लोकांनी हैदराबादेतल्या कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला केला. त्या इमारतीत पुढे मुलींचं कॉलेज आलं. तिथून जाताना मला दरवेळी वाटतं, एका गोळीच्या बुडाच्या आकारामागे किती इतिहास ओढला गेला.

शिकारीसाठी आजच्या अर्ध्या इंची लांबट गोळ्या 23 ते 26 ग्रॅमच्या येतात, म्हणजे गोल गोळीच्या दुप्पट. निघताना त्या सावकाश असतात, पण वजनामुळे जोर धरून ठेवतात आणि खोल शिरतात. तिसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली बारीक गोळी, तिला सॅबो म्हणतात. नळीबाहेर आली की टोपण गळून पडतं. हिला जलद पीळ लागतो आणि पसरायला वेग लागतो. दोन्ही असतील तर ती उत्तम काम करते. पुतण्याच्या बंदुकीत तिचा उपयोग नाही.

आता जनावर. हरणाचं कातडं पातळ, फासळ्या नाजूक. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात हृदय आणि फुप्फुसं. पन्नास मीटरच्या आत चिंधीत गुंडाळलेली मऊ गोल गोळी तिथे लागली, तर याहून जास्त काही लागत नाही. रानडुक्कर वेगळं. नराच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट, जाड ढाल असते; माजाच्या दिवसांत एकमेकांच्या सुळ्यांपासून ती त्यांना वाचवते. शिवाय डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली, जवळजवळ दोन पुढच्या पायांच्या मध्ये असतं. हरणाच्या सवयीनं थोडं मागे मारलं की गोळी पोटात जाते, आणि पोटात गोळी घेतलेलं डुक्कर तासन्‌तास तडफडतं, झुडपात दबा धरतं आणि शोधायला गेलेल्यावर येतं. म्हणून डुकरासाठी जड लांबट गोळी, किंवा गोल मारायची तर रुंद नळीची. टेक्सासला जाताना पुतण्यानं मित्राची जलद पिळाची बंदूक घ्यावी आणि तीत पंचवीस ग्रॅमची लांबट गोळी, हे आमचं ठरलं.

छर्ऱ्यांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. आपल्याकडे ठासणीत छर्रे, खिळ्यांचे तुकडे, सायकलचे छर्रे, काहीही ठासतात. डुकराच्या ढालीत ते रुततात, आत जात नाहीत. जनावर जगतं, कुजत जगतं. त्याहून भयानक म्हणजे फळात किंवा पिठाच्या गोळ्यात दडवलेली स्फोटकं आणि शेताभोवती सोडलेली विजेची तार. 2020 च्या मे महिन्यात केरळमध्ये गाभण हत्तीण अशाच स्फोटकानं जबडा फुटून मेली. विजेच्या तारेत वाघ मरतात, आणि पहाटे पाण्याला गेलेले शेतकरीही. एखाद्या गावाला डुकरांचा खरंच जाच असेल, तर वनखात्याची परवानगी घेऊन जाणत्या माणसानं जवळून मारलेली एक योग्य गोळी या सगळ्यापेक्षा कितीतरी दयाळू आहे. त्याआधी कुंपण, राखण आणि शेताभोवती करडईच्या काटेरी ओळी हे उपाय करून बघावेतच. आपलं रानडुक्कर अमेरिकेतल्यासारखं बाहेरून आणलेलं नाही. वाघ-बिबट्याचं ते अन्न आहे.

भरण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण चुकलं तर नळीच फुटते. ठासणीत काळी दारू किंवा तिच्याच जातीचा पर्याय, आधुनिक काडतुसातली धूररहित दारू कधीच नाही. आणि गोळी दारूवर टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तिथे दाब साचून नळी फुगते. गजावर खूण करून ठेवायची: भरलेल्या नळीची एक, रिकाम्या नळीची एक. खूण बघितली की बार दुहेरी भरला जात नाही.

शेवटचा प्रश्न पुतण्याच्या बायकोनं विचारला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला: मांस मुलांना द्यायचं का? शिसं विषारी आहे, आणि मुलांच्या मेंदूला तर अगदी थोडंही घातक. कॅलिफोर्नियानं 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. सावकाश जाणारी मऊ गोल गोळी वेगवान रायफलीच्या गोळीइतकी आत चुरत नाही, तरी कण उरतातच, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून जखमेभोवतीचं वीतभर मांस कापून टाकायचं, खिम्यात घालायचं नाही, आणि मुलांना व गरोदर बाईला त्या जनावराचं मांस नकोच. टेक्सासच्या बेताबद्दल मात्र मी माझं मत तिथेच बदललं: जलद पिळाची बंदूक मिळणारच आहे, तर सॅबोत बसणारी तांब्याची गोळी घे. शिशापेक्षा महाग पडते. पण ते मांस घरी ताटात येणार आहे.